भूल घेण्यापूर्वी पुणेकरांनी घ्यावयाची खबरदारी

सर्वप्रथम, रीतसर घाबरावे. न घाबरणारा रुग्ण नातेवाइकांना चालत नाही. त्यांनी तयार करून आणलेले किस्से वाया जातात. प्रत्येकाच्या ओळखीत 'भूल अर्धवट चढलेला' एक इसम असतोच. किस्सा संपेपर्यंत मान डोलवावी आणि त्या इसमाचा फोन नंबर मागावा. तो आजवर कोणाला मिळालेला नाही.

संमतिपत्रावर सही करताना हात कापल्यास लाजू नये. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी यांना अपेंडिक्ससाठी ससून रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांनी गुडघे वर घेऊन पेन्सिलीने सही केली. हात इतका थरथरत होता, की इंग्रजी नावातल्या शेवटच्या 'आय'वरचे टिंब राहून गेले. शेजारी उभे असलेले नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री यांच्या नजरेतून ते सुटले नाही. (पुण्यात राहिल्याचा परिणाम.) पुढे सर्जन कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असताना वादळामुळे वीज गेली, नर्सच्या हातातली बॅटरी विझली आणि उरलेले काम कंदिलावर उरकले. रुग्ण बरा झाला. फेब्रुवारीत तुरुंगातूनही सुटला. हल्ली बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, छातीला ईसीजीच्या तारा, शिवाय जनरेटर असतो. तरीही घरून कंदील न्यायचा असल्यास न्यावा. दारात काढून घेतील.

'एनबीएम' (तोंडाने काहीही न घेणे) म्हणजे उपास नव्हे, हे सदाशिव पेठेत वेगळे सांगावे लागते. साबुदाण्याची खिचडी चालत नाही. राजगिऱ्याचा लाडूही नाही. सर्वसाधारणपणे हलके खाणे ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी थांबवतात, तळकट त्याहून आधी. मात्र तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ अखेरची. भुलीत घसा राखण करत नाही, पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरू शकते, एवढे साधे कारण आहे. अमृततुल्य चहात दूध असल्याने तो पाण्यात धरत नाहीत. 'हाफ' घेतला तरी तो चहाच.

भूलतज्ज्ञ आधी येऊन गप्पा मारतात, त्या गप्पा नव्हेत. तेथे मिश्री, तंबाखू, 'कधीमधी घेतो' हे सगळे खरे सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी, वैद्यांचे चूर्ण, हलणारा दात, मागच्या भुलीनंतर झालेल्या उलट्या, काही लपवू नये. घोरण्याविषयी मात्र आपण बोलू नये, पत्नीची साक्ष घ्यावी. उलट चौकशीचा जन्मसिद्ध हक्कही इथेच बजावावा: भूल कुठली, किती वेळ, दुखणे कसे थांबवणार? फारच धडधडत असेल तर तेही सांगावे; त्यावर औषध असते, आणि ते मागायला कमीपणा नाही.

भुलीत गुपिते फुटतील अशी धास्ती पुष्कळांना असते. पूर्ण भुलीत बहुधा घशात नळी असते. नळी असताना पुणेकरालाही बोलता येत नाही. पाठीतल्या इंजेक्शनची भूल असेल, तर माणूस जागा राहू शकतो. अशा वेळी सर्जनला सूचना करू नयेत.

शुद्धीवर येताना हुडहुडी भरणे, घसा खवखवणे हे होते आणि जाते. मग कोणीतरी तोंडाजवळ वाकून 'ओळखलंत का मला?' असे विचारील. माणूस नकोसा असल्यास खुशाल 'नाही' म्हणावे. ही सवलत भुलीच्या खात्यावर संध्याकाळपर्यंत चालते.