वापसीचा रस्ता

अमरावती-अकोला रस्ता चांगला झाला आणि आमची गाडी बिघडली. मामांच्या मते या दोन गोष्टींचा संबंध आहे, आणि मला ते पटतं. वर्षानुवर्षं या रस्त्यावर हिसका गाडीचा की खड्ड्याचा हे ओळखायची सोय नव्हती. बडनेरा सोडलं की माणूस एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं कंबर धरायचा. मग जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, २५.२७५ किलोमीटरचा. वऱ्हाडानं कतारला हरवलं म्हणून मामांनी गिला वडा खाऊ घातला. पुढच्याच फेरीत कळलं की रस्ता गुळगुळीत झाला तरी हिसके तसेच आहेत.

गाडी मामांची, २००२ सालची. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं त्या काळातली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत एक विजेचा पंप बुडालेला असतो. तो टायरातल्या हवेपेक्षाही जास्त दाबानं पेट्रोल पुढं ढकलतो. दाब कमी पडला की इंजिन खोकतं. हे ज्ञान मला आज आहे. गाडी बंद पडली त्या दिवशी मला फक्त एवढंच माहीत होतं, की अकोल्याच्या मावशीकडून आंब्याच्या लोणच्याची बरणी आणायची आहे आणि ऊन पंचेचाळीसला टेकलंय.

लोणी गेलं आणि गाडीनं पहिला आचका दिला. मामांनी ट्रॅक्टरला ओलांडायला इंडिकेटर दिला, तर गाडी लाजल्यासारखी थबकून थबकून चालायला लागली. इंडिकेटर बंद, गाडी ठीक. ब्रेक दाबला की इंजिनाचा आवाजच बसायचा.

"इंडिकेटर देऊच नका ना," मी म्हणालो.

"मी तसाबी कधी देत होतो?" मामा म्हणाले. हे खरं होतं. मी शेजारी बसलोय म्हणून ते त्या दिवशी शिस्तीत चालवत होते.

कुरूमच्या पुढं गाडी बंद पडली. वऱ्हाडात गाडी बंद पडली की एकटं राहता येत नाही. दहा मिनिटांत सात जण जमले आणि सातही जणांचं निदान तयार होतं.

"टाकीत कचरा हाय जी."

"पेट्रोलात पानी हाय. परवा माह्या साळ्याच्या गाडीचं असंच झालं."

"बॅटरी बसली हो. बटन दाबून पाहा."

सायकलवर आलेल्या एका गुरुजींनी बॉनेटमध्ये डोकावून सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिंबू कधी बदललं?"

लिंबू सोडून बाकी सगळं बदललेलं होतं. वर्षभरात मामांनी प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, बॅटरी नवी घेतली, पंपही नवा टाकला. प्रत्येक वेळी चार दिवस बरं आणि पुन्हा ये माझ्या मागल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला: ७५ किलोमीटर १०५ तासांत म्हणजे ताशी साधारण ७१० मीटर डांबर. गाडी ढकलत आम्ही चाललो होतो तो वेग त्याहून फार बरा नव्हता. फरक इतकाच, की आमची नोंद घ्यायला कोणी आलेलं नव्हतं.

मग गाडी थोडी निवली, चालू झाली, आणि इंडिकेटर आणि ब्रेक यांचा त्याग करून आम्ही मूर्तिजापूर गाठलं. हेच ते शकुंतला रेल्वेचं गाव. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी १९९४ पर्यंत मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन ओढत होतं. मामांना तिची आठवण झाली. "तिच्यात एक वायर नव्हती," ते उसासा टाकून म्हणाले.

मिस्त्री कडुनिंबाखाली बाजेवर पडले होते. वय साठीच्या पुढं. त्यांनी गाडीला हात लावला नाही, आधी मामांना विचारलं, "पेट्रोल किती टाकता?"

"दोनशेचं."

"म्हनूनच तुमचे पंप मरतात. त्याले थंडा ठेवते ते पेट्रोलच. आंघोळीले पानी नाही अन् पोहा म्हनता त्याले!"

मग त्यांनी पेट्रोलच्या नळीला घड्याळाएवढा एक गेज जोडला. तीन बारच्या आसपास हवा असलेला काटा दोनवर आळसावून बसला होता. मी म्हणालो, म्हणजे पंपच गेला पुन्हा. मिस्त्री मला म्हणाले, "इंडिकेटर लावा."

लावला. आणि गेजचा काटा मान डोलवायला लागला. टिक-टिक, वर-खाली, अगदी इंडिकेटरच्या ठेक्यावर. भजनात पुढं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. ब्रेक दाबायला सांगितलं, काट्यानं मान टाकली.

"आता सांगा," मिस्त्री म्हणाले, "पेट्रोलाले काय माहीत तुमाले कोनीकडं वळाचं हाय?"

या वाक्यावर मामांनी त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

मोटारीत वायरी निम्म्याच असतात. करंट वायरीतून जातो आणि परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून, बॅटरीच्या निगेटिव्हकडं. या परतीच्या जोडाला सगळे मिस्त्री 'अर्थिंग' म्हणतात. मिस्त्रींनी मीटर लावला. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या दोन वायरींत ९.६. मधले चार व्होल्ट कुठं गेले? काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल सळई पंपाच्या काळ्या वायरीला टेकवली, तर चार व्होल्ट तिथंच बसलेले. "करंट जाते बराबर. वापस यायले रस्ता नाही त्याले."

डिक्कीतली चटई उचलली. पंप आणि मागचे दिवे यांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टवर होती, आणि तो बोल्ट गंजून भुगा व्हायच्या बेतात. म्हणून दिवा लागला की पंपाच्या वाट्याचं कमी व्हायचं. एका घरात एकच नळ असावा तसं. मिस्त्रींनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ विचारात पडले.

"हिंग?"

मी मामांकडं पाहिलं. मामा कडुनिंबाकडं पाहत होते. तीन वर्षांपूर्वी याच डिक्कीत मावशीची बरणी लवंडली होती. तेल पुसलं होतं. खार चटईखाली राहिला होता, आणि मीठ आपलं काम करत राहिलं होतं. त्या लोणच्यानं एक पंप, एक बॅटरी आणि मामांची निम्मी पेन्शन खाल्ली.

पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, नवा बोल्ट, नवं वॉशर, वर ग्रीसचा लेप. काटा तीनपाशी गेला आणि इंडिकेटर लावला तरी ढिम्म. पैसे दीडशे. मामांनी दोनशे दिले, तर मिस्त्रींनी पन्नास परत केले. "याचं पेट्रोल टाका," म्हणाले.

बोरगाव मंजूपर्यंत मामा कारण नसताना इंडिकेटर देत होते. मागचा ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवायचा, मामा उत्तरादाखल आपला वाजवायचे.

अकोल्यात मावशी दारातच उभी होती. "काऊन एवढा उशीर केला रे?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आत जाऊन बरणी आणली. यंदाची मोठी होती, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्यावर पिवळसर डाग.

"थोडीशी पाझरते," मावशी म्हणाली. "ठेवा मागं डिक्कीत."

परतीचे शंभर किलोमीटर मी ती बरणी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती पाझरत होती.