सेकंडहँड नाखवा

निवृत्तीनंतर कोकणात जाऊन काय करायचं, याचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. पहिल्या वर्षी घराची कौलं परतायची, दुसऱ्या वर्षी हापूसची कलमं लावायची आणि तिसऱ्या वर्षापासून माकडांच्या नावाने खडे फोडायचे. पण हा राजमार्ग सोडून खाडीकडे वळणारा एक जण प्रत्येक किनारी गावात निघतोच. त्याला होडी घ्यायची असते. नवी परवडत नाही हे त्याला ठाऊक असतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही असतो. "छोटीशी, सेकंडहँड, बजेटमध्ये बसणारी," असं तो सांगतो, आणि 'बजेट' या शब्दावर जरा जोर देतो.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हा गृहस्थ कुठेही भेटतो. आपण त्याला मालवणजवळ, कर्ली खाडीच्या काठी गाठू. तिथे देवबागची चिंचोळी पट्टी एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी घेऊन पसरली आहे. होडीचा मोह टाळायला माणसाने तोंड वळवायचं तरी कुठे? उमेदीची सगळी वर्षं साहेबांनी (गाव त्यांना साहेबच म्हणतं) बँकेच्या कर्ज विभागात काढलेली. तारणाचं मूल्यांकन, जामीनदाराची पत, कागदपत्रांची पूर्तता यांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी अकरा कागद मागणारे साहेब स्वतःसाठी होडी बघताना मात्र तिचा रंग बघतात.

अभ्यासात कसर नसते, हे सांगायला हवं. वर्षभर ते यूट्यूबवर अमेरिकन मंडळींना बघतात. ती मंडळी गाडीमागच्या ट्रेलरवरून अॅल्युमिनियमची बोट उतारावर आणतात, एकट्याने पाण्यात सोडतात, बोटीतल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून मासा पकडतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, हे एकदाच पाहिलं. "सोडायचाच होता तर पकडला कशाला?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

देवबागात ट्रेलरही नाही आणि त्यासाठी बांधलेला उतारही नाही. होडी पाण्यात जाते ती आठ-दहा माणसांच्या जोरावर, खाली टाकलेल्या ओंडक्यांवरून. त्या आठ-दहा माणसांना नंतर चहा लागतो, भजी लागतात आणि होडी बाहेर काढायच्या वेळी पुन्हा लागतात. हा खर्च यूट्यूबवर दाखवत नाहीत. साहेबांच्या एक्सेलच्या तक्त्यात होडी, मशीन, जाळी, दोर, नांगर असे रकाने आहेत आणि तळाशी 'इतर – ५०० रुपये' असा एक गरीब रकाना आहे. पुढे होडीचा सगळा संसार या 'इतर'मध्येच झाला.

होडीच्या आधी घरात आला तो फिश फाइंडर. हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडून खालचा तळ आणि मासे दाखवतं. होडी नसल्यामुळे साहेबांनी ते दोरीला बांधून विहिरीत सोडून पाहिलं. विहीर खोल आहे, हे त्याने बरोबर सांगितलं.

आता खरेदी. साहेबांना होडी घ्यायची आहे ही बातमी त्यांनी बंदरावर पाय ठेवायच्या आधीच तिथे पोचलेली असते, आणि भाव त्या बातमीबरोबर चढलेला असतो. त्यात त्यांनी मुहूर्त निवडला नारळी पौर्णिमेनंतरचा, म्हणजे सगळा किनारा होड्या पाण्यात ढकलत असतो तेव्हाचा. दाखवायला तीन होड्या होत्या. एक अरुंद पगार होडी, तोल राहावा म्हणून बाजूला उलांडी बांधलेली; साहेबांनी तीत पाय ठेवला आणि लगेच काढून घेतला. दुसरी फायबरची, देखणी. शेजारच्या तांडेलाने तिच्या मागच्या फळीवर, जिथे मशीन टांगतात तिथे, बोटांच्या पेरांनी टकटक केलं. आवाज बद्द आला. फायबरच्या आत प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून रंग झकास दिसतो. एखाद्या दिवशी मशीन फळीसकट खाडीत जातं. तांडेलाने मान हलवली. तिसरी लाकडाची, दोन पावसाळे झापांखाली पडून असलेली. मालक म्हणाला, "होडयेक काय एक झालेला नाय." दोन वर्षं ती पाण्यातच गेली नव्हती, तेव्हा तिला होणार तरी काय?

तांडेलाने कमरेची सुरी काढून तळाच्या फळ्यांना जागोजागी टोचून पाहिलं. हा खरा दाखला. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो, दिसतो अळीसारखा पण कूळ शिंपल्यांचं. पिल्लू असताना तो लाकडात शिरतो, त्यामुळे बाहेरून भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि आत बोट जाईल असा बोगदा निघतो. म्हणून तर जुने लोक होडी वरचेवर कोरडी काढून तळाला काजूच्या टरफलांचं तेल चोपडत. सुरी दोनच ठिकाणी आत गेली. "दोन फळये बदलूक व्हये," तांडेल म्हणाला. साहेबांनी ते 'इतर'मध्ये टाकलं आणि पंचेचाळीस हजारांना सौदा केला. मूळ मागणी साठ हजारांची होती. पंधरा हजार वाचवल्याचा आनंद चतुर्थीपर्यंत टिकला.

मशीन वेगळं घेतलं, तेही सेकंडहँड. नव्या परदेशी आउटबोर्डला लाखाच्या वर मोजावे लागतात, इथे जुनं टू-स्ट्रोक स्वस्तात मिळत होतं. विकणाऱ्याने दोरी ओढली आणि पहिल्या झटक्यात ते सुरू झालं. साहेब खूश. तांडेलाने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "सकाळपासना कितीदा चालू केलास?" मशीन गरम होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन तापवून ठेवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती. रात्रभर गार पडलेलं मशीन सकाळी आपल्यासमोर सुरू करायला लावावं, हा तिच्यावरचा तितकाच जुना उतारा. मग ते तांडेलाने पाण्यात चालवून पाहिलं. मशीन सुरू असताना बाजूने पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती पडली नाही तर आतला रबरी पंखा झिजलेला आहे आणि मशीन थंड होत नाही असं समजायचं. धार पडली, पण जरा नाखुशीने. पंखा बदलला. स्पार्क प्लग बदलले. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं यावर बंदरावर चर्चासत्र झालं आणि शेवटी मशीनच्या पुस्तकात दिलेलं प्रमाणच, ५० लिटरला १ लिटर, मान्य झालं.

कागदपत्रांच्या बाबतीत तरी साहेब निर्धास्त असतील असं वाटेल. पण तिथेच त्यांचा खरा अपमान झाला. मासेमारी करायची तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. नाळेवर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून दहशतवादी मुंबईकडे आले, तेव्हापासून किनाऱ्यावर कोणती होडी कोणाची आणि तिच्यावर कोण, याची विचारपूस कडक झाली आहे. शिवाय किनाऱ्यावरच्या बऱ्याच यांत्रिक नौका मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून घेतलेल्या असतात. कर्ज फिटल्याचा दाखला नसेल तर होडीबरोबर हप्तेही आपल्या दारात येतात. साहेबांनी आयुष्यभर लोकांना जे विचारलं तेच त्यांना कार्यालयात विचारलं गेलं: "मूळ प्रत कुठे आहे?" मूळ प्रत मालकाच्या मुंबईतल्या भावाकडे होती. ती यायला दिवाळी उजाडली.

तोवर नावाचा प्रश्न निघाला. होडीला काकूंचं नाव द्यायचा साहेबांचा मनसुबा होता. काकू म्हणाल्या, "उद्या ती गळायला लागली की सगळं गाव माझ्या नावाने ओरडत सुटेल." काकू दूरदर्शी. होडी पाण्यात उतरली त्याच सकाळी गळायला लागली. दोन नव्या फळ्या जागच्या जागी होत्या. पाणी जुन्या फळ्यांच्या सांध्यांतून, सर्व बाजूंनी, निवांतपणे आत येत होतं. साहेब डबड्याने पाणी उपसत होते आणि तोंडाने 'पंप, पंप' म्हणत होते. तांडेल काठावर विडी ओढत बसला होता.

"साहेबांनू, उपसू नकात. लाकडाक तान लागली हा. दोन दिस बुडान ऱ्हवान्दे, पिऊन झाला की गप बसात."

हे गंमतीने म्हटलेलं नव्हतं. कोरडं पडलेलं लाकूड आकसतं आणि सांधे उघडतात. पाण्यात राहिलं की फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. होडी दोन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवली. ते दोन दिवस साहेब घराबाहेर पडले नाहीत, कारण भेटेल तो "होडी बुडली म्हणे?" असं विचारत होता. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं ते पुन्हा आलं नाही. न घेतलेल्या पंपाची किंमत साहेबांनी तक्त्यात बचत म्हणून दाखवली.

मग सुरू झालं गरवणं. साहेबांच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीची तीन ॲप्स आहेत. तांडेलाकडे बोटं आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. मिनिटाचा हिशेब नाही, पण होडी बाहेर काढायला आणि परत आणायला पुरतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी चढायला आणि उतरायला आळशी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी भरपूर येतं आणि तितकंच भरपूर जातं. हे 'जातं' साहेबांच्या अंगाशी आलं ते एका पौर्णिमेच्या दुपारी. मुडदुशा लागत होत्या, ॲप ओरडत होतं, आणि साहेबांना आणखी एकच हवी होती. होडी भाटीवर बसली. ओहोटी संपून पुन्हा पुरेसं पाणी यायला काही तास लागतात, आणि ते तास साहेबांनी खाडीच्या मधोमध, सर्वांना दिसतील अशा जागी, लाइफ जॅकेट घालून, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून काढले. पुलावरून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी हात हलवले. फिश फाइंडरने खोली बिनचूक दाखवली.

लाइफ जॅकेटवरून हसणाऱ्यांना मात्र इथेच थांबवायला हवं. काठावरची तरुण पोरं जॅकेट गुंडाळून उशाला घेतात. साहेब ते अंगात घालतात आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीच्या आतल्या फळीवर रंगवून घेतात. जन्मभर पोहणाऱ्या तांडेलानेही हे पाहून काही टोमणा मारला नाही. सबंध व्यवहारात साहेबांनी केलेला हा एकमेव स्वस्त आणि शहाणा खर्च.

माशांचा हिशेब काकूंनी ठेवला. होडी, फळ्या, मशीन, पंखा, परवाना, चहा, भजी अशी सगळी बेरीज करून तिला त्यांनी वर्षभरात घरी आलेल्या माशांच्या वजनाने भागलं. आलेल्या दरात मालवणच्या लिलावातून पापलेट आणता आलं असतं, घरपोच, साफ करून. साहेबांचं म्हणणं असं की होडीची किंमत पहिल्याच वर्षावर टाकणं हिशेबशास्त्राला धरून नाही, घसारा दहा वर्षांवर पसरायला हवा. काकूंचं म्हणणं असं की मशीन दहा वर्षं टिकणार असेल तर पसरा.

तोडगा निघाला तो साहेबांच्या डोक्यातून नव्हे. दुसऱ्या हंगामात तांडेल म्हणाला, मी रोज जातो, होडी चालती राहील, होडीचा वाटा तुमचा. किनाऱ्यावर ही रीत जुनीच आहे: मिळकतीचे वाटे पडतात, माणसांचे, जाळ्याचे आणि होडीचे. तेव्हापासून साहेबांच्या घरी ताजे बोय, शेवटे, कधी तांबोशी असं काही ना काही येतं, आणि मशीन रोज चालल्यामुळे बिघडायचंही विसरलं. साहेब रविवारी मागच्या फळीवर बसून जातात, गळ टाकतात आणि तांडेलाला वाऱ्याबद्दल सल्ला देतात. तो ऐकून घेतो. यांत्रिक नौकांची १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची बंदी आली की दोघे मिळून होडी झापांनी शाकारतात. साहेबांनी तक्त्यात 'इतर'चा आकडा आता वाढवून ६०० केला आहे.

तुम्हालाही होडी बघायची असेल तर मे महिन्यात जा. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढलेल्या असतात, तळ उघडा दिसतो, आणि आणखी एक पावसाळा शाकारणी करण्यापेक्षा विकून मोकळं झालेलं बरं असं वाटणारा मालक भेटायची शक्यता तेव्हा जास्त. सुरीवाला माणूस सोबत घ्या आणि गार मशीन सुरू करायला लावा. खाडीकाठी साहेब भेटले तर होडीचं कौतुक जरूर करा, त्यांना ते आवडतं. फक्त केवढ्याला पडली असं काकूंसमोर विचारू नका.