सेल्फ, सिंगापूर आणि बाराचा पाना

इंजिन हँडल न मारता ज्या मोटरमुळे सुरू होते तिला पुस्तकात स्टार्टर मोटर आणि गॅरेजात ‘सेल्फ’ म्हणतात. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगने ही सोय करून दिली आणि जगातल्या असंख्य मनगटांचा दुवा घेतला. छोट्या इंजिनावर सेल्फ बहुधा दोन बोल्टांवर बसलेला असतो. ते बोल्ट ढिले झाले की त्याचा स्वभावच बदलतो. हा बदल पाहायला सिंगापूरपर्यंत जाणे सांगलीच्या माणसाला वेडेपणाचे वाटेल, कारण तो त्याला विहिरीच्या कडेला उभ्या उभ्या दिसतो.

सिंगापुरात ढिली वस्तू मिळणे मात्र खरेच कठीण. मोटार बाळगण्याचा हक्क इथे १९९० पासून वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षे टिकतो. त्यानंतर पुन्हा पैसे मोजायचे, नाही तर गाडी काढून टाकायची. त्यामुळे आटे ढिले व्हायच्या वयाला पोचण्याआधीच बहुतेक गाड्या निवृत्त होतात. मरलायन, सेंटोसा आणि मुस्तफा एवढ्या तीन धामांत फिरणाऱ्या मराठी पाहुण्याला खडखडाट ऐकू येतो तो फक्त स्वतःच्या बॅगेच्या चाकांचा.

खडखडाटासाठी पुलाउ उबिनला जावे लागते. मलय भाषेत पुलाउ म्हणजेच बेट. म्हणून ‘पुलाउ उबिन बेट’ हे ‘पिवळे पीतांबर’ इतकेच शुद्ध मराठी होय. सुमारे दहा चौरस किलोमीटरचे हे बेट पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. १८५१ मध्ये उभे राहिलेले हॉर्सबर्ग दीपगृह इथल्याच दगडाचे आहे. मुख्य बेटाची वीज इथे आलेली नाही. २०१३ पासून जेट्टीजवळच्या भागात सौरऊर्जा आणि बायोडिझेल यांवर चालणारी छोटी ग्रिड आहे. बाकी ठिकाणी ज्याचा त्याचा जनरेटर. जिथे जनरेटर तिथे छोटे इंजिन, आणि जिथे छोटे इंजिन आणि खारा वारा एकत्र नांदतात तिथे ढिला बोल्ट असायचाच.

तिकडे जाण्यासाठी ताना मेरा मेट्रो स्टेशनवरून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला पोचवते. पुढे लाकडी बोट, साधारण दहा मिनिटांची. बोटीला वेळापत्रक नाही. बारा माणसे जमली की ती सुटते. घाई असलेल्याने उरलेल्या जागांचे पैसे स्वतः भरावेत. हे पाण्यातले वडापच, पण साताऱ्याकडच्या वडापात बारा ही फक्त सुरुवात असते आणि इथे तो शेवट असतो. तेरावा प्रवासी कितीही बारीक असला, कितीही लांबून आला असला, तरी पुढच्या बोटीत. अकराजण बाकावर बसून बाराव्याची वाट पाहतात तेव्हा एरवी अबोल असणारा पर्यटकही रस्त्याकडे वधूपित्याच्या नजरेने बघू लागतो.

बोट सुरू होताना इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकावा, कारण निदान कानानेच होते. सेल्फ घट्ट असेल तर एक सलग गुरगुर आणि लगेच ठोके. ढिला असेल तर आधी घर्रर्र असा दात खाल्ल्याचा आवाज येतो, आणि खरोखरच दात खाल्ले जात असतात. मोटरच्या टोकाचा छोटा पिनियन फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्यात जाऊन त्याला फिरवतो. ते जड कडे पिनियनला उलट रेटते आणि तो रेटा शेवटी त्या दोन बोल्टांवर येतो. बोल्ट ढिले असले की मोटर तिरपी होते आणि दात दातांत बसण्याऐवजी दातांवर बसतात.

दुसरी तऱ्हा अधिक फसवी. बटण दाबले की नुसते ‘टक’ होते आणि पुढे शांतता. अशा वेळी बॅटरी बदलण्याचा उपाय जगभर लोकप्रिय आहे आणि त्यात बॅटरी विकणाऱ्याचे निश्चित भले होते. खरे कारण असे की बॅटरीचा करंट जाड तारेने सेल्फपर्यंत जातो, पण बहुतेक छोट्या इंजिनांत परत येतो तो सेल्फच्या अंगातून, बोल्टांमधून, इंजिनाच्या धातूवाटे. बैठक ढिली, त्यात गंज, म्हणजे परतीची वाट बंद. जायला बोट आहे आणि यायला नाही, अशी त्या करंटची अवस्था होते.

दुरुस्तीचा आरंभ बॅटरीची निगेटिव्ह तार काढून होतो. हे न करणाऱ्याचा पाना पॉझिटिव्हला आणि इंजिनाच्या अंगाला एकदम टेकला तर बिनदिवाळीची आतषबाजी होते. मग सेल्फ हाताने हलवून पाहायचा. हलला तर गुन्हा शाबीत.

यानंतर पान्याचा प्रश्न. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके जपानी इंजिनावर बहुधा बाराच्या पान्याचे असते आणि युरोपीय मापाने तेराच्या. दिसायला दोन्ही सारखेच. तेराचा पाना बाराच्या बोल्टावर चढतो, फिरतोही, आणि दोन झटक्यांत षट्कोनाचा लाडू करून ठेवतो. बोटीत आणि बोल्टावर, दोन्हीकडे तेरावा नको. विमानात पाने हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून ते मोठ्या बॅगेत चकल्यांच्या डब्याशेजारी घालावेत. उबिनवर मात्र डबा उघडा ठेवून कामाला बसू नये. तिथली रानडुकरे आणि माकडे हत्यारांना हात लावत नाहीत, बाकी कशाचीही हमी नाही.

काढलेला सेल्फ आणि त्याची बैठक तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची. तिथे रंग किंवा गंज राहू द्यायचा नाही. पिनियनचे दात पाहायचे, मग फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवून कड्याचे. एका सिलिंडरचे इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला टेकून दर वेळी जवळजवळ त्याच जागी थांबते, त्यामुळे कड्याची झीज एकाच जागी झालेली सापडते. शेवटी बोल्ट आणि त्याच्या भोकातले आटे. बोल्ट पोलादी आणि भोक ॲल्युमिनियमचे असले तर भांडणात नेहमी भोक हरते. गेलेल्या आट्यांवर नळवाल्यासारखी सुतळी गुंडाळू नये. भोक मोठे करून त्यात तारेच्या आट्यांची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवावी.

अडचण एवढीच की बोल्ट तुटतो बेटावर आणि मिळतो शहरात. पुन्हा बारा माणसे, पुन्हा २ नंबरची बस. असा माल पूर्वी सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात मिळे. मुंबईसारखेच त्यालाही चोरबाजार म्हणत. तो १० जुलै २०१७ रोजी बंद झाला. त्याच्या शेजारचे जालान बेसार मेट्रो स्टेशन त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडले, म्हणजे जायची सोय झाली तोवर जायचे कारण उरले नव्हते. सुदैवाने त्या भागात हार्डवेअरची दुकाने अजून आहेत. गल्ल्यावरच्या वयस्क माणसाला इथे ‘अंकल’ म्हणतात. अंकल जुना बोल्ट बोटांत फिरवून ‘कॅन’ तरी म्हणतो किंवा ‘कॅनॉट’ तरी. ‘उद्या या’ हा तिसरा पर्याय त्याच्याकडे नसतो, आणि मराठी गिऱ्हाईक गोंधळते ते तिथे.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी हाताने लावायचे आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच आधी करकचून आवळला तर सेल्फ वाकडा बसतो. खाली स्प्रिंग वायसर आणि आट्यांवर थेंबभर निळे लॉकिंगचे द्रव्य पुरे. निगेटिव्ह तार सर्वांत शेवटी. सेल्फ एका वेळी पाचेक सेकंदच मारावा, नंतर त्याला मिनिटभर विश्रांती द्यावी. इंजिन सुरू झाले की पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावे आणि पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही बोल्टांवर पाना एकदा परत लावावा. तेवढ्या वेळात जेट्टीजवळ एक कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, आरामात पिऊन होते.