शिक्रा, पावशा आणि बिचारा सरडा

मूलमध्ये मान वर करून उभ्या असलेल्या माणसाबद्दल लोकांना काळजी वाटते. ताडोबाच्या या शेजारात नजर खाली हवी, वाघाचा माग शोधायला. दुर्बीण कडुलिंबाकडे लावली की कोणी ना कोणी सायकल थांबवतोच.

"काय पाहून रायले जी भाऊ?"

"शिक्रा."

"म्हणजे घारीचं पोर?"

कुलाब्याच्या हेलिकॉप्टर तळाला नौदलानं 'आयएनएस शिक्रा' असं नाव दिलं. आमच्याकडे मात्र तो अजून घारीचं पोर. कोंबडीचं पिल्लू गेलं की बोभाटाही घारीचाच. दुभंगल्या शेपटीनं दिवसभर आभाळात गिरक्या घेतल्यावर दुसरं काय होणार? शिक्रा असा दिसत फिरत नाही. पानांआड बसतो, खाली सरडा हलला की सुटतो. उडताना चार-सहा वेळा झपझप पंख मारतो, मग तरंगतो. अंगानं पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. नराचे डोळे लालबुंद, पण आकारानं मादी मोठी, म्हणजे ते डोळे वटारायचे कोणावर हा प्रश्नच. २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'अ‍ॅक्सिपिटर'मधून काढून 'टॅकिस्पायझा' या प्रजातीत घातलं. आपल्याला सातबाऱ्यावरची एक वेलांटी सुधारायला तहसिलीत किती खेटे पडतात! याचं तर आडनावच बदललं, तेही न मागता.

इथवर ओळख सोपी. उन्हाळा चढला की पावशा येतो आणि सगळा घोळ होतो. तशीच राखाडी पाठ, तशीच पट्ट्यांची शेपूट, उडण्याची ढबही तीच. झाडीपट्टीतल्या नाटकात हवालदाराचा डगला चढवून चोरच घरात शिरावा, तसा हा सातभाईंच्या वस्तीत शिरतो. पोशाख शिकाऱ्याचा, जेवणात सुरवंट! शिक्रा आला म्हणून गलका होतो आणि त्या गडबडीत पावशीण सातभाईंच्या घरट्यात आपलं निळं अंडं ठेवून मोकळी. रंगही त्यांच्याच अंड्यांचा. एवढं करून हा दिवसभर ओरडतो, 'पेरते व्हा!' स्वतः काडी जमवायची नाही, पोरं दुसऱ्यांनी वाढवायची आणि धानाचे पऱ्हे कधी टाकायचे ते अख्ख्या तालुक्याला सांगायचं.

चोच पाहिली तर तो पकडला जातो. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकडी, याची साधी. पण चोच दिसण्याइतका वेळ तो फांदीवर टेकेल तर ना!

आवाजावरून ओळखावं म्हटलं, तर जंगलात भृंगराज कोतवाल टपलेला. शिक्र्याची ती तीक्ष्ण दुहेरी साद तो इतकी हुबेहूब काढतो की खारीसुद्धा खोडाला चिकटतात. खरा शिक्रा कोणता हे बिनचूक कळतं ते फक्त सरड्याला, पण तो सांगायला परत येत नाही.