एकपात्री सहकार

एका मनुष्याने एका वेळी एकच अधिकार गाजवावा, असा दंडक ज्या कोणी घातला असेल, तो गृहस्थ आमच्या पुणे जिल्ह्यातील खास नसावा. कारण येथे कारखान्यासाठी कर्ज मागणारा पुष्कळदा कर्ज मंजूर करणाऱ्या मंडळातच विराजमान असतो, आणि त्या कर्जास सरकारी थकहमी हवी झाली की तोच, किंवा त्याचा सोयरा, मुंबईस मंत्रालयात त्याच अर्जावर अनुकूल शेरा मारण्यास सिद्ध असतो. इतका काटकसरीचा कारभार रामराज्यातही नव्हता. तेथे निदान टीका करणारा परीट तरी बाहेरचा होता.

१९६६पासून सहकारी बँकांना निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे दोन धनी आहेत. त्यामुळे देखरेख दुप्पट झाली की अर्धी, हा प्रश्न निराळा. राज्य सहकारी बँकेत सर्वपक्षीय साखरधुरीण वैरभाव विसरून नांदत असता मे २०११मध्ये संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच बँकेच्या कर्जवाटपाबद्दल गुन्हा नोंदला गेला. पुढे पोलिसांनीच तो दप्तरबंद करण्याची परवानगी मागितली, मग अधिक तपासाची इच्छा दर्शविली, आणि २०२४मध्ये पुनश्च दप्तरबंदीचा अर्ज केला. तपासालाही मन असते, ते असे.

आमच्या पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष व दौंडचे आमदार राहुल कुल २०२३मध्ये विधानसभेच्या हक्कभंग समितीचेही प्रमुख होते. खासदार संजय राऊत यांच्या एका विधानाचे प्रकरण समितीकडे गेले, आणि त्याच मार्च महिन्यात राऊतांनी या कारखान्यात पाचशे कोटींच्या गैरव्यवहाराचा आरोप केला. कुलांनी तो नाकारला. खरेखोटे ठरविणे आम्हां ऊसवाल्यांच्या अधिकाराबाहेरचे. परंतु येथे न्यायासनावर कोण, फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, याचा निवाडा करताना पारावरच्या जाणत्यांचीही मती कुंठित झाली.

अशा पेचांवर दिल्लीने २०२५च्या बँकिंग दुरुस्तीत तोड काढली आहे. संचालकाचा हितसंबंध लक्षणीय ठरण्याची १९६८पासूनची पाच लाखांची मर्यादा दोन कोटींवर नेली (भांडवलाचा दहावा हिस्सा त्याहून कमी भरल्यास तो धरावयाचा). माणूस तोच, समभाग तेच. परंतु कालचा हितसंबंधी आज निःस्पृह ठरू शकतो. शिवाय जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या संचालकास राज्य सहकारी बँकेवरही बसण्याची मोकळीक मिळाली, आणि सहकारी बँकेच्या संचालकाची आठ वर्षांची कमाल मुदत दहा झाली.

आता एकच सुधारणा शिल्लक राहते. ऋणको, धनको, जामीन आणि तपासनीस या चारही भूमिका ज्यांनी कोणासही वाटेकरी न होऊ देता निष्ठेने वठविल्या, त्यांनी थकबाकीचा प्रसंग येताच तेवढीच सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुम्हां-आम्हांवर, वाटून देण्याचा सहकार का दाखवावा?