दोरीच्या दोन्ही टोकांना

पुणे ते अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली. मात्र गाडी खरोखर कोण चालवतो, या प्रश्नाचा निकाल त्या दिवसापासून आजतागायत लागलेला नाही. स्टेअरिंग चालकाच्या हाती असते हे खरे. परंतु घंटीची दोरी वाहकाच्या हाती असते, आणि एक घंटी झाली की थांबायचे व दोन झाल्या की निघायचे, या शिरस्त्यापुढे भरघोस मिशांच्या चालकांनाही मुकाट्याने नमते घ्यावे लागते. कोल्हापूर-वारणानगर मार्गावर प्रथम वाहक म्हणून, आणि पुढे अवजड वाहनाचा परवाना काढून चालक म्हणून चाकरी घडल्यामुळे, या दाव्यात वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही नात्यांनी जबानी देण्याचा दुर्मिळ अधिकार मला प्राप्त झाला आहे.

वाहकाला जगाचा परिचय वयाच्या मार्गाने होतो. पाच वर्षांखालील मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धे तिकीट, या नियमामुळे आमच्या मार्गावरील बालकांची वाढ पाचव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कायमची खुंटलेली असे. कोडोलीच्या एका आजींनी, मांडीवर कोणत्याही अंगाने न मावणाऱ्या नातवाला मांडीवर कोंबून, "मास्तर, ह्ये अजून पाचाचं न्हाई बगा," अशी ग्वाही दिली, मी पंच सरसावून पुढच्या बाकाकडे वळणार, इतक्यात त्या बालकाने स्वाभिमान दुखावल्याच्या स्वरात, "मी तिसरीत हाय!" असे साऱ्या गाडीला ऐकवले. अर्धे तिकीट फाडले गेले. परंतु वाठार येईपर्यंत आजींनी नातवाकडे ज्या नजरेने पाहिले, तीत त्याच्या पुढील शिक्षणाविषयी फारशी आस्था दिसली नाही. आता मी निवृत्त असून बाकावर बसून पाहतो, तर 2022 पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना प्रवास मोफत झाल्याने काळाचा ओघ नेमका उलटा वाहू लागला आहे, आणि काल-परवापर्यंत केसांना कलप लावणारे गृहस्थ आपले वार्धक्य सिद्ध करण्यासाठी खिशातून आधारकार्ड काढून वाहकाच्या नाकासमोर नाचवीत आहेत.

जोतिबाच्या चैत्री यात्रेत तर तिकिटांच्या ट्रेमध्ये गुलालाचा थर बसे. कोणते तिकीट मूळचे गुलाबी आणि कोणते देवाच्या कृपेने, हे ओळखणे अशक्य होई; वेबिलावरील आकडे, चामडी पिशवीतील नोटा आणि माझी बोटे यांचा एकच रंग झालेला असे. असा भरणा घेऊन रात्री खिडकीशी उभा राहिलो, की आतील रोखपाल क्षणभर नोटांकडे पाहून, "हे मोजू का देव्हाऱ्यात ठेवू?" असे विचारीत आणि मग मोजीत, कारण देवाच्या हिशेबात तूट चालते, आगाराच्या हिशेबात चालत नाही.

वाहक असेपर्यंत सारे चालक मला मुजोर वाटत. चालक झाल्यावर वाहक किती वेंधळे असतात, याचा साक्षात्कार होण्यास पहिली फेरीही पुरी लागली नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की वाठारहून वळल्यावर पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आणि त्याच्याही पुढे उसाने लादलेली बैलगाडी, अशी वारणा कारखान्याकडे निघालेली मिरवणूक लागे. तात्यासाहेब कोरे यांनी उजाड माळावर सहकाराची नगरी वसवली, हे त्यांचे उपकार तालुका कधी विसरणार नाही. पण तिच्या भरभराटीचे दर्शन चालकाला नेहमी पाठीमागून आणि ताशी बैलाच्या वेगाने घडते. अशा वेळी मागून दोन घंटा देणाऱ्या वाहकाला काय म्हणावे, हे मला चांगले ठाऊक होते, कारण मला ते पूर्वी म्हटले गेले होते.

आता निकालाविषयी. पारगावजवळ, जेथे कोणत्याही दप्तरात थांबा नोंदलेला नाही अशा ठिकाणी, एक मावशी हात करून उभ्या राहत. घंटी वाजत नसे, मी ब्रेक दाबल्याचेही मला स्मरत नाही. तरी गाडी थांबे. वारणानगरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा डबा त्या माझ्या खिडकीतून आत देत, आणि त्याचे लगेज आकारावे असे वाहकाच्याही मनात कधी येत नसे. एके दिवशी डबा देताना त्या म्हणाल्या, "आज वाईच सावकाश न्या, झाकण सैल हाय, आमटी सांडंल." मागे कारखान्याच्या पाळीला निघालेली माणसे घड्याळे पाहत ओरडत होती, वाहक घंटीवर घंटी देत होता, आणि मी मात्र, समोर रस्ता लख्ख मोकळा असताना, वारणानगरपर्यंत एकदाही तिसऱ्या गियरच्या वर गेलो नाही.