शून्य रुपयांची पावती

सोलापूर इंग्रजी अमलाखाली आणि तुळजापूर निजामाच्या मुलखात होते, त्या काळी भवानीच्या दर्शनास निघालेल्या भाविकाला वाटेत रियासतीच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्याशी मुकाबला करावा लागे. गाठोडी सोडावी लागत, झडती द्यावी लागे आणि नाकेदाराची मर्जी संपादन केल्याखेरीज बैलाचे पाऊल पुढे पडत नसे. १९४८ साली निजामी गेली, पुढे करोडगिरीही गेली, २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाका मात्र या मुलखाच्या पत्रिकेतच असावा. सोलापुराहून निघालेली मोटार जिल्ह्यात शिरते न शिरते तोच तामलवाडीचा टोलनाका आडवा येतो, आणि हैदराबादच्या हमरस्त्याने गेलात तर फुलवाडी व तलमोड आहेतच.

फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या, आणि सही, शिक्का व आवक क्रमांक या त्रयीवाचून कोणत्याही वस्तूचे अस्तित्व मान्य न करणाऱ्या आमच्या मामांच्या जुन्या मोटारीलाही तो लावणे प्राप्त झाले. टॅग म्हणजे एक चिकटपट्टी; तिच्यात ना बॅटरी, ना दिवा. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरी अंगावर पडल्या की त्यांच्याच बळावर ती आपला क्रमांक सांगते आणि खात्यातून रक्कम वजा होते. तिची जागा आरशामागे, काचेच्या आतल्या बाजूस; एकदा लावून उपटली की ती निकामी. नेमक्या त्याच जागी मामींनी भवानीची छोटी तसबीर लावलेली होती. देवीला हलवावे की सरकारला, यावर सबंध सकाळ खल झाला आणि अखेर देवीने उदार मनाने चार बोटे सरकून सरकारला जागा दिली.

तामलवाडीस दांडा निमूटपणे वर गेला आणि मोटार पार झाली. मामांचा चेहरा उतरला.

"पैसे घेतले कोणी? पावती कुठं आहे?"

पावती पुण्यास गेली होती. कारण टॅग चिरंजीवांनी घेऊन दिलेला आणि त्यावर नोंदलेला मोबाइल क्रमांकही त्यांचाच. तुळजापूरचा घाट चढून होतो तोच फोन खणखणला : "बाबा, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय ना? मग तामलवाडीला काय करताय?" निजामाच्या हेरखात्यालाही जे साधले नसते, ते या चिकटपट्टीने साधले.

खरा प्रसंग पुढच्या खेपेस एका नाक्यावर घडला. त्याचे नाव सांगून कोणाची अब्रू काढण्याचा हेतू नाही. यंत्र कोणाचाच टॅग वाचीना. "काका, गाडी जरा मागं घ्या. आता पुढं. काच पुसा की जरा!" हे सर्व सोपस्कार झाल्यावर नाक्यावरचा पोरगा कंटाळून म्हणाला, "जावा काका, फुकट जावा."

कोणीही सुज्ञ मनुष्य गेला असता. परंतु मामांनी नियम वाचला होता : टॅग वैध असून खात्यात शिल्लक असताना नाक्याचेच यंत्र बिघडले, तर वाहन विनामूल्य सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी.

"फुकट मी जाणार नाही. शून्याची पावती काढा."

"शून्याची कशाला पावती, काका?"

"नियमात आहे म्हणून."

मागे उसाचे ट्रक आणि यात्रेकरूंच्या जीपा खोळंबल्या, भोंगे वाजू लागले, एका जीपमधून 'आई राजा उदो उदो' असा गजरही झाला. मामा मात्र दस्तऐवज हाती आल्याशिवाय जागचे हलले नाहीत. शून्य रुपयांचा तो चिटोरा आज त्यांच्या फायलीत अनुक्रमांकासह लावलेला आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये खासगी मोटारींसाठी वार्षिक पास निघाला : किंमत तेव्हा ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. मामांनी तो नामंजूर केला. एका पावतीवर दोनशे नाके ओलांडणे त्यांना बेकायदेशीर वाटते. वाचकांपैकी कोणी नवा टॅग घेण्यास निघाला असेल, तर त्याने काच पुसून ठेवावी, शिल्लक तपासावी, आणि मोबाइल क्रमांक मात्र स्वतःचाच द्यावा; चिरंजीवांचा कदापि देऊ नये.